गगनबावड्याला एवढा पाऊस पडतो, मग तिथं रबर का लावत नाहीत?

पाऊस रग्गड आहे हो, पण चारच महिने. रबराला वर्षाला २००० मिमीच्या पुढं पाऊस लागतो, तोही विभागून. केरळात परतीचा पाऊसही दमदार असतो. आपल्याकडं दिवाळीनंतर जमीन वाळायला लागते आणि मार्च-एप्रिलच्या झळांनी कोवळी रोपं करपतात.

धो धो पाऊसही सोयीचा नाही. पहाटे सालीला तिरकी चीर देऊन चीक वाटीत धरतात. साल ओली असली की तो खोडावरच पसरतो, वाटीत पाणी साचतं. म्हणून केरळात चिरेच्या वर प्लॅस्टिकचा घेर बांधतात. शिवाय सततच्या ओलीनं बुरशी येऊन पानगळ होते.

उन्हाळ्यात पाणी देऊन झाड जगेल, पण चीक धरायला केरळातच सातेक वर्षं लागतात. कमी पावसाच्या शिरोळकडं तर विचारच नको, तिथं ऊसच बरा.