घरी मुलांचा अभ्यास आणि हिशेबासाठी पुण्यात स्वस्तात कॉम्प्युटर हवा आहे. लॅपटॉप घ्यावा की मिनी पीसी?

रोज एकाच टेबलावर बसणार असाल तर मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्यातला कॉम्प्युटर, स्क्रीन आणि कीबोर्ड वेगळे जोडायचे. लॅपटॉपचा कीबोर्ड किंवा स्क्रीन गेली की खर्चाचं काम. इथे बिघडेल तेवढाच भाग बदलायचा. साध्या कामाला साधारण 20 वॉट लागतात, म्हणजे रोज 6 तास चालवलं तरी महिन्याला चारेक युनिट.

बजेट कमी असेल तर तापकीर गल्लीत रिफर्बिश्ड (वापरलेला, पण तपासून पुन्हा विकायला काढलेला) डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी मिळतो का बघा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा तरी हवाच. विंडोज 11 त्याच्या खालच्यांना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. सातव्या पिढीचं मशीन स्वस्तात गळ्यात मारतात ते त्यामुळेच. रॅम 8 जीबी चालेल, पण एकाच पट्टीत घ्या, म्हणजे दुसरा स्लॉट पुढे कामी येतो. एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) 256 जीबी पुरे.

पैसे देण्याआधी दुकानातच मशीन चालू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) शिरून बघा. आधी मशीन ज्या कंपनीत होतं तिचा पासवर्ड राहिला असेल तर नंतर डोक्याला ताप. अडॅप्टर मूळचाच घ्या. डेलच्या मशीनला तो ओळखता आला नाही तर प्रोसेसरचा वेग एकदम कमी होतो. वायफाय कार्ड बऱ्याचदा नसतं. मागे स्क्रीन जोडायला नुसता डिस्प्लेपोर्ट असेल तर एचडीएमआय कन्व्हर्टरही लागेल.

लॅपटॉपसारखी बॅटरी नसल्यामुळे 600 व्हीएचा यूपीएस सोबत घ्याच. मुलांना जड गेम खेळायचे असतील तर मात्र याच्या नादी लागू नका, ग्राफिक्स कार्डाला आत सहसा जागाच नसते.