घरचं बी आणि लवकर येणारा मधुमका

प्रश्न : संकरित स्वीट कॉर्नचं घरचं बी पेरलं. झाडं उंच-बुटकी आली, कणसात निम्मे दाणे पिठूळ. शेजारी चाऱ्याचा मका होता. लवकर येणारा वाण घरीच तयार करता येईल का?

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. उंच-बुटकेपणा संकराची दुसरी पिढी पेरल्याचा, तिच्यात आईबापाचे गुण पुन्हा वेगवेगळे होतात. पिठूळ दाणे मात्र शेजारच्या परागाचे. गोडीचा गुण अप्रभावी (साध्या मक्याच्या गुणापुढे झाकला जाणारा) असल्याने साध्या मक्याचा पराग पडला की त्याच हंगामात तो दाणा पिठूळ होतो. दोन वेगळ्या जनुकांचे गोड वाण जवळ पेरले तरी हेच घडतं, हे बरेच जण विसरतात. अंतर किमान ३०० मीटर ठेवा, नाहीतर पेरणीत ३ ते ४ आठवड्यांचा फरक.

लवकर येणारा वाण घरी निवडून तयार करता येतो. त्यासाठी संकरित नको, माधुरीसारखा संमिश्र वाण (ज्याचं घरचं बी पुन्हा पेरता येतं) घ्या. निदान २०० झाडं ठेवा. केस बाहेर पडण्याआधीच कणसांवर बटर पेपरची पिशवी चढवा. मग केस आधी आलेल्या झाडांना खूण म्हणून दोरा बांधा. सकाळी ९ ते ११ दरम्यान अशाच लवकरच्या १०-१५ झाडांच्या तुऱ्यांचा (शेंड्यावरच्या नर फुलांचा) पराग एकत्र करून केसांवर टाका. दोन-चार कणसांवरच बी धरलं तर पुढच्या पिढ्या खुरटतात. ५० तरी हवीत.

बियाण्याचं कणीस झाडावरच वाळू द्या. त्यातले गुळगुळीत, फुगीर दाणे काढून टाका, ते परके. फक्त सुरकुतलेले ठेवा. ह्यांत पिष्ट कमी, म्हणून उगवण नाजूक. थंड, ओल्या जमिनीत कुजतात. पेरा ३ सेंटिमीटरपेक्षा खोल नको.