सर्व्हर भाड्याने घेतला, आता त्यात टाकायचं काय?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायची, म्हणून बाकीचे पुढच्या खेपेला.

प्रश्न : लातूरला आमचे नीटचे क्लास आहेत. साइट पीएचपी-मायएसक्यूएलची (पानं बनवणारी भाषा आणि डेटाबेस). टेस्टचा निकाल लावला की दहा मिनिटांत साइट झोपते. म्हणून १६ जीबी रॅमचा अख्खा सर्व्हर मुंबईत भाड्याने घेतला. होस्टिंगवाले विचारतात : उबुंटू, डेबियन, अल्मालिनक्स की विंडोज? सगळ्यात फास्ट कोणतं?

फास्टच्या नादी लागू नका. पीएचपीच्या साइटसाठी विंडोजचं भाडं भरायचं कारण नाही. उरलेल्या तिन्ही लिनक्सांत कर्नल (सिस्टिमचा गाभा) तोच, एनजिनएक्स (पानं पाठवणारा वेब सर्व्हर) तोच, पीएचपी तेच. तुम्हाला जाणवेल असा वेगातला फरक तिथं सापडणार नाही.

साइट झोपते ती वेगळ्याच कारणाने. निकाल लागला की पोरं आणि पालक एकदम तुटून पडतात, प्रत्येक विनंतीला एक पीएचपी प्रोसेस लागते, रॅम संपते आणि मशीन डिस्कवरच्या स्वॅपवर रांगायला लागतं. हिशेब असा करा : ४ जीबी डेटाबेसला आणि बाकी किरकोळ कामांना ठेवली, उरली १२. तुमची एक प्रोसेस ८० एमबी खात असेल तर दीडशेच्या पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. ही मर्यादा पीएचपी-एफपीएमच्या (या प्रोसेस चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये आपल्या हाताने घालावी लागते. उबुंटू-डेबियनमध्ये ती मुळात ५ असते, अल्मात ५०. ती तशीच ठेवून ‘उबुंटू स्लो आहे’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत! सीट नंबरच्या रकान्यावर इंडेक्स (डेटाबेसची झटपट शोधायची सूची) आहे का, तेही बघून घ्या.

आता निवड. रात्री अकराला तुमचा फोन कोण उचलणार? त्याचा हात ज्यावर बसलाय ते घ्या. त्यानंतर तारीख बघा. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत मोफत अपडेट आहेत, डेबियन १३ ला २०३० पर्यंत, अल्मा ९ ला २०३२ पर्यंत. उबुंटू घ्याल तर एलटीएसच, म्हणजे दीर्घ मुदतीच्या अपडेटची आवृत्ती. मधल्या आवृत्त्यांना जेमतेम ९ महिने मिळतात. सीपॅनेल (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं साधन) लावायचं असेल तर डेबियन बाद, त्यावर ते चालत नाही. मी स्वतः डेबियनवाला आहे, पण आपल्याकडे कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांना उबुंटू जास्त येतं. तुम्ही तेच घ्या.

प्रश्न : जालन्यात आमचा बियाण्यांचा व्यापार आहे. डीलरांच्या ऑर्डर घेणारा सर्व्हर सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर आहे. चार वर्षांत एकदाही रीस्टार्ट केलेला नाही. चालतंय ते कशाला बदलायचं?

चार वर्षं रीस्टार्ट नाही, याचा अर्थ चार वर्षं नवा कर्नल चढलेला नाही. यात मिरवण्यासारखं काही नाही, साहेब. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला कायमचे थांबले. ‘यम अपडेट’ ही अपडेटची आज्ञा देऊन बघा. सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही असं उत्तर येईल. मूळ पीएचपी ५.४ आणि टीएलएस १.३ (जोडणी गुप्त ठेवायची नवी पद्धत) न येणारं ओपनएसएसएल घेऊन तुम्ही डीलरांचे पासवर्ड सांभाळताय.

जागच्या जागी चढवण्यासाठी अल्मावाल्यांचं एलिव्हेट नावाचं साधन आहे. सातवरून आठवर, मग आठवरून नऊवर. दुसऱ्याच्या चालत्या धंद्यावर मी तो प्रयोग करत नाही. महिनाभरासाठी दुसरा सर्व्हर घ्या, त्यात अल्मा ९ टाका, साइटची नक्कल चालवून बघा. डीएनएसचा टीटीएल (साइटचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा आणि एका रविवारी पत्ता फिरवा. पेरणीच्या तोंडावर मात्र हे काढू नका. थेट अल्मा १० टाकायचा मोह झाला तर प्रोसेसर बघा. त्याच्या नेहमीच्या बिल्डला (तयार आवृत्तीला) इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो, आणि स्वस्तातले भाड्याचे सर्व्हर कधीकधी त्याहून म्हातारे निघतात.

प्रश्न : बीडच्या आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट ४.८ आणि एसक्यूएल सर्व्हरवर आहे, विंडोज सर्व्हर २०१६. लायसन्सचा खर्च नको वाटतो. लिनक्सवर जावं का?

नको. डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ लिनक्सवर चालत नाही. नवं डॉट नेट चालतं, पण जुनी वेबफॉर्म्सची पानं त्यात जशीच्या तशी उचलून ठेवता येत नाहीत, नव्याने लिहावी लागतात. एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवर येतो, पण त्याने तुमचं अर्धंच काम होतं. विंडोजचं लायसन्स कोअरवर मोजतात आणि किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं. म्हणून विकत घेण्याआधी होस्टिंगवाल्याकडून महिन्याच्या भाड्यात किती पडतं ते विचारा. २०१६ चे अपडेट १२ जानेवारी २०२७ ला संपतात, तेव्हा निदान २०२२ वर जा. आणि रिमोट डेस्कटॉप (दुरून सर्व्हर चालवायची सोय) इंटरनेटवर उघडा असेल तर आज संध्याकाळी व्हीपीएनच्या (खासगी जोडणीच्या) आत घ्या. बाकी सगळं नंतर.

प्रश्न : नांदेडहून. विंडोजवरची साइट उबुंटूवर आणली. निम्मे फोटो गायब, आणि मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं!

फोटो तिथंच आहेत. फाइलचं नाव ‘फोटो.जेपीजी’ कॅपिटल अक्षरांत आहे आणि पानात ते स्मॉल लिहिलंय. विंडोजला दोन्ही एकच, लिनक्सला दोन वेगळ्या फाइली. सगळी नावं स्मॉल करणारी छोटी स्क्रिप्ट चालवा, पानांतही तसाच बदल करा.

प्रश्नचिन्हांचं दुखणं जास्त खोल आहे. मायएसक्यूएल ८ च्या आधी मूळ संकेतन (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन-१ असायचं, रोमन लिपीपुरतं. त्यात देवनागरी शिरली की अक्षरं जातात आणि खरोखरचं ‘?’ साठवलं जातं. ते परत येत नाही. जुना सर्व्हर अजून हातात असेल तर डेटा यूटीएफ८-एमबी४ मध्ये (सगळ्या लिपी मावणाऱ्या संकेतनात) पुन्हा काढा. आधी एकाच नावावर करून बघा : ‘ज्ञानेश्वर’ नीट उतरला की बाकीचे आणा.

प्रश्न : हिंगोलीचा विद्यार्थी आहे. काळा स्क्रीन बघून धास्ती वाटते. सर्व्हरवर डेस्कटॉप टाकू का?

नको रे बाबा. रॅम खातो, आणि जितकं जास्त सॉफ्टवेअर तितकी जास्त भगदाडं. भीती वाटते तर कन्सोल (सर्व्हरला थेट जोडलेला पडदा-कीबोर्ड) कुठून मिळतो ते आधी विचारून ठेव. मी एकदा नव्या सर्व्हरवर फायरवॉल चालू केली आणि एसएसएचचं (दुरून लॉगिन करायचं) दार उघडायचं विसरलो. रात्री दीड, सर्व्हर मुंबईत, मी संभाजीनगरात, आणि माझाच मला प्रवेश बंद. डेटा सेंटरच्या पोराने कन्सोल जोडून दिला, मी दोन ओळी टाइप केल्या आणि झोपलो. तेव्हापासून एसएसएचची परवानगी आधी, फायरवॉल नंतर.