तिनोसच्या बंदरातली ‘एली’

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ग्रीस तटस्थ असतानाच त्याची ‘एली’ ही युद्धनौका बुडवली गेली, असं वाचलं. कोणी बुडवली हे त्यांना कळलंच नव्हतं, की कळूनही गप्प बसले?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कळलं होतं. टॉर्पेडोचे तुकडे हाती लागले, त्यांवर इटलीच्या खुणा होत्या. तरी ग्रीसचा हुकूमशहा मेताक्सास याचं सरकार ‘अज्ञात देशाची पाणबुडी’ एवढंच म्हणत राहिलं. मुसोलिनीला आयतं निमित्त द्यायचं नव्हतं. घटना घडली त्या तिनोस या ग्रीक बेटावरच्या लोकांना मात्र कोणी सांगावं लागलं नाही.

तारीख 15 ऑगस्ट 1940, तिनोस बेटावर मेरीमातेची जत्रा. आपल्याकडे नवसाचं लोटांगण घालतात, तसे तिथे भाविक बंदरापासून चर्चपर्यंत गुडघ्यांवर चढत जातात. या सोहळ्यासाठीच एली आली होती आणि बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती. सकाळी साडेआठच्या सुमारास लेरोस या तेव्हा इटलीच्या ताब्यातल्या बेटाहून आलेल्या ‘देल्फीनो’ या इटालियन पाणबुडीने टॉर्पेडो सोडले. एक एलीला लागला. बाकीचे तिथल्या प्रवासी बोटींवर सोडलेले, ते नेम चुकून धक्क्यावर फुटले. नाहीतर यात्रेकरूंचं काय झालं असतं, विचार करा.

माझी तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये गेली, म्हणून मी एका गोष्टीपाशी अडतो. नांगरावरची बोट सगळे बॉयलर पेटते ठेवत नाही. दिवे-पंप चालण्यापुरता एक पुरतो. बाकीचे लोक डेकवर जत्रा बघतात, पाळीवाले खाली घाम गाळतात. टॉर्पेडो नेमका त्या एकाच पेटत्या बॉयलरखाली फुटला. 9 जण गेले, 24 जखमी झाले. आग काही आटोक्यात येईना. तास-सव्वा तासात बोट तळाला.

बोटीचं नशीबही विचित्र. मुळात ती अमेरिकेत चीनसाठी बांधलेली, नाव ‘फेई हुंग’. तिकडे क्रांती होऊन राजवट गेली आणि 1914 मध्ये ग्रीसने ती विकत घेतली.

गप्प बसण्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही, पण उपयोग झाला तो 74 दिवसांपुरता. 28 ऑक्टोबरला इटलीने हल्ला केलाच, आणि मग ग्रीसने पाणबुडी कोणाची ते उघड सांगितलं. युद्धानंतर इटलीला भरपाईदाखल क्रूझर जातीची एक युद्धनौका द्यावी लागली. ग्रीकांनी तिचंही नाव एलीच ठेवलं.

कधी तिनोसला गेलात तर चर्चच्या तळमजल्यावर उतरा. एलीच्या मृतांचं स्मारक तिथे आहे, शेजारी टॉर्पेडोचा तुकडा.