कमी पैशांत सिनेमे करणाऱ्या 'कल्ट' (म्हणजे मोजक्या पण कट्टर चाहत्यांच्या) दिग्दर्शकाचं करिअर कसं असतं? त्यावर घर चालतं का?

मी गोव्यातल्या फोंड्यात लग्न-मुंजींचे व्हिडिओ करतो, जत्रेच्या दिवसांत नाटकांचं शूटिंगही करतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागात मला जास्त रस. उत्तर असं, की सिनेमा गाजतो ते दिग्दर्शकाच्या कामामुळे, पण घर चालतं हक्कांच्या कागदांवर. आणि कागदांकडे बघायला या मंडळींना बहुधा वेळच नसतो.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा उठून माणसं खाणाऱ्या प्रेतांचा भयपट करणाऱ्या अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचंच बघा. हा गडी हॉलिवूडपासून लांब, पिट्सबर्गमध्ये मित्रांबरोबर जाहिराती आणि छोट्या-मोठ्या फिल्म करायचा. १९६७ साली दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढले आणि कंपनीचं नावच 'इमेज टेन' ठेवलं. ते पैसे अर्थातच पुरले नाहीत. झालेलं शूटिंग लोकांना दाखवून आणखी पैसे गोळा केले, तेव्हा कुठे खर्च १,१४,००० डॉलरच्या आसपास जाऊन भागला. पाडायला काढलेलं एक जुनं शेतघर मिळालं, तोच सेट. पैसे घालणारेच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे ते खपून गेलं. प्रेतं आतडी खातात तो प्रसंग आठवतो? भागीदारांतला एक जण मांसाच्या धंद्यातला होता, माल त्याच्याकडून आला.

इथवरची गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. गंमत पुढे आहे. सिनेमाचं आधीचं नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. वितरकाने ते बदलून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केलं. कॉपीराइटची ओळ सिनेमाच्या सुरुवातीच्या, जुन्या नावाच्या पाटीवर होती. पाटी बदलली आणि नव्या पाटीवर ती ओळ घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात प्रतीवर ती सूचना नसेल तर हक्कच जायचा. १९६८ साली सिनेमा लागला तो असा सार्वजनिक मालमत्ता होऊनच. पुढे ज्याला वाटेल त्याने तो दाखवला, टीव्हीवर लावला, त्याच्या कॅसेटी विकल्या, आणि करणाऱ्यांना त्यातलं काही देणं कुणालाच भाग नव्हतं. पण असा गल्लोगल्ली फुकटात पोचला म्हणून तर तो इतका मुरला! हक्क शाबूत असते तर त्याचा एवढा बोलबाला झाला असता का, याची मला शंका आहे.

रोमेरो मग काय करत होता? मधल्या वर्षांत खेळाडूंवर टीव्हीसाठी माहितीपट. १९७८ साली त्याचा तसलाच पुढचा सिनेमा 'डॉन ऑफ द डेड' आला, त्यात इटलीचा दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोने पैसा उभा करायला हात दिला आणि बदल्यात बाहेरच्या देशांतले हक्क घेतले. शूटिंग एका खऱ्याखुऱ्या मॉलमध्ये, दुकानं बंद झाल्यावर रात्री. नाताळची सजावट लागली तेव्हा ते काही आठवडे थांबवावं लागलं. आणि १९९० साली याच मंडळींनी पहिल्या सिनेमाचा रंगीत रिमेक काढला. मुळातून न मिळालेलं थोडं तरी हाती यावं, हे त्यामागचं उघड कारण. बावीस वर्षांनी!

आता आपल्याकडे या. नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, गळ्यात पास अडकवून पणजीत रांगा लावणारे सगळे 'कल्ट'वर तासभर बोलतील. वितरणाबद्दल विचारा, गप्प. उभ्या गोव्याची वस्ती पंधरा लाखांच्या आसपास, त्यात कोकणी किंवा मराठी सिनेमाला तिकीट काढून येणारे किती, हिशेब तुम्हीच करा. तरी बार्डरॉय बार्रेटो यांचा 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी सिनेमा मला धडा म्हणून फार मोलाचा वाटतो. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या काळातली गाणी, लोकांनी मिळून दिलेले पैसे, आणि २०१५ साली राष्ट्रीय पुरस्कार. नेहमीच्या थिएटरांच्या भरवशावर न बसता त्यांनी तो सभागृहांतून दाखवला. बार्रेटोही मुळात जाहिरातींतलेच, हा योगायोग नव्हे. असल्या सिनेमांमागे एक दुसरी, रोजची कमाई असावीच लागते.

सभागृहात खेळ लावायची सवय आपल्या लोकांना आहेच. जत्रेला वर्गणी काढून नाटक बसवणारा गावातला वाडा, म्हणजे वस्ती, नफ्याचं बघत नाही, पण मांडव, लाइट, पेटीवाला, तबलजी, प्रत्येकाचा हिशेब चोख असतो. सिनेमावाल्यांकडे नेमकी हीच वही नसते.

म्हणून तुम्ही स्वतः काही करायच्या विचारात असाल, तर कॅमेरा कुठला घ्यावा हे मला शेवटी विचारा. संगीतकाराकडून गाण्यांचे हक्क लिहून घेतलेत का? पैसे घालणाऱ्या मित्रांचा वाटा किती, कितव्या वसुलीपासून? वितरकाने नाव किंवा पाट्या बदलल्या तर शेवटची प्रत कोण तपासणार? सेन्सॉर प्रमाणपत्र कुणाच्या नावावर? हे चार कागद वकिलाकडून करून घ्या. कॅमेरा भाड्यानेही मिळतो.