कुंपणाच्या करवंदीला फळ का धरत नाही?

प्रश्न : मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत सहा वर्षांपूर्वी कुंपण म्हणून करवंदीची वीस रोपे लावली. झाडे गर्द हिरवी आणि कमरेइतकी उंच आहेत. माळी दर महिन्याला ती कात्रीने सारखी करतो, रोज पाणी देतो, अधूनमधून युरियाही टाकतो. तरी आजवर ओंजळभर करवंदेही मिळालेली नाहीत. रोपे नर निघाली असतील का?

उत्तर : करवंदीत नर आणि मादी अशी वेगळी झाडे नसतात, एकाच फुलात दोन्ही अवयव असतात, त्यामुळे ही शंका मनातून काढून टाकावी. दोष रोपांचा नसून कात्रीचा आहे. करवंदीची पांढरी, सुवासिक फुले फांद्यांच्या शेंड्यांवर झुबक्याने येतात, आणि तेच शेंडे आपला माळी दर महिन्याला इमानेइतबारे कापून टाकतो. भिंतीकडच्या बाजूला, जिथे कात्री पोहोचत नाही, तिथल्या फांद्या मार्चमध्ये जरा बाजूला करून पाहा. एखादा चुकार झुबका बहुधा सापडेल.

यापुढे छाटणी वर्षातून एकदाच, फळांचा हंगाम संपल्यावर जूनच्या सुरुवातीला करावी, म्हणजे पावसाळ्यात फुटलेली नवी पालवी हिवाळ्यापर्यंत पक्व होते आणि फुलोऱ्याला तयार राहते. ऑक्टोबरनंतर कात्री लावूच नये. वाटेवर येणाऱ्या फांद्या कापणे भागच असेल, तर तेवढ्याच कापाव्यात व माथा आणि भिंतीकडची बाजू मोकळी वाढू द्यावी. पट्टीने आखल्यासारखे कुंपण आणि टोपलीभर करवंदे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. सोसायटीच्या सभेत काय हवे ते एकदा ठरवून घ्यावे. माझे मत विचाराल, तर करवंदीची जाळी थोडी अस्ताव्यस्तच शोभते.

युरिया बंद करावा, कारण नत्र जास्त झाले की झाड पानांवरच भर देते. त्याऐवजी पावसाच्या तोंडावर प्रत्येक झाडाला पाटीभर कुजलेले शेणखत पुरे. सह्याद्रीच्या उतारावर करवंदीला कोणी पाणी घालत नाही, तेव्हा दिवाळीनंतर पाणी बरेच कमी करावे आणि बारीक फळे दिसू लागल्यावर आठवड्यातून एकदा आळे भरून द्यावे. मुळाशी पाणी साचू देऊ नये.

छाटलेल्या फांद्या मात्र त्याच दिवशी उचलाव्यात. करवंदीचा काटा बऱ्याचदा दुहेरी असतो आणि वाळल्यावर चपलेच्या तळव्यातूनही आरपार जातो. कापलेल्या जागेतून पांढरा, चिकट चीक येतो, म्हणून माळ्याला जाड हातमोजे द्यावेत. लोणच्यासाठी कच्ची करवंदे काढाल, तेव्हा ती चिरून थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवावीत, म्हणजे चीक सुटतो.

प्रश्न : पार्ल्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कुंडीत करवंद होईल का? मे महिन्यात पानाच्या द्रोणातून विकत घेतलेल्या करवंदांच्या बिया पेरल्या तर चालेल का?

उत्तर : पाच-सहा तास थेट ऊन मिळत असेल, तर होईल. बिया फळ खाल्ल्याबरोबर धुऊन पेराव्यात. वाळवून ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते. मात्र बियांच्या रोपाला फळ धरायला तीनेक वर्षे तरी लागतात आणि ते मूळ झाडासारखेच येईल याची खात्री नसते. गॅलरीतल्या एकुलत्या एका झाडावर इतका काळ घालवण्यापेक्षा गुटीचे (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेले) किंवा छाटकलमाचे (फांदीचा तुकडा लावून केलेले) रोप घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात मिळाल्यास उत्तम. कुंडी सोळा इंची व तळाला भोके असलेली घ्यावी आणि लाल मातीत शेणखत व थोडी जाड वाळू मिसळावी. नर्सरीत करवंद म्हणून कधीकधी तिचीच नातेवाईक नेटल प्लम दिली जाते. तिची फुले मोठी आणि पिकलेली फळे लाल असतात, तर आपल्या डोंगरी करवंदाची काळी. त्यामुळे शक्य झाल्यास मे महिन्यात जाऊन, फळ धरलेले झाड डोळ्यांनी पाहूनच रोप आणावे.