शब्दन्‌शब्द ऐकूनही "तू ऐकतच नाहीस" का ऐकावं लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बायको म्हणते, तू माझं ऐकतच नाहीस. मी तर तिचं वाक्यन्‌वाक्य परत म्हणून दाखवू शकतो. तरी दर दोन दिवसांनी खटका उडतोच. नीट ऐकलं की भांडणं टळतात म्हणे, मग माझं चुकतंय कुठे?"

'म्हणून दाखवू शकतो' हे वाचून हसू आलं, कारण कैक वर्षं मीही असेच पुरावे सादर करत होतो. "तू अगदी असंच म्हणालीस, आणि त्याआधी मंगळवारी बरोबर याच्या उलट." स्मरणशक्ती उत्तम होती हो, पण घरात तिचा उपयोग वकिलासारखा व्हायचा. आपलं बोलणं कुणी जसंच्या तसं तोंडावर फेकलं की ऐकून घेतल्याचं समाधान मिळत नाही, उलटतपासणी चालल्यासारखं वाटतं.

मी बराच काळ एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी फोनवर घ्यायचो. सुरुवातीच्या दिवसांतला एक फोन अजून आठवतो. गृहस्थ तावातावाने म्हणाले, "बिल पुन्हा चुकीचं आलंय." मी स्क्रीनवर बघितलं, चूक सापडली, सांगितलं, "सर, तीन दिवसांत दुरुस्त होईल." झालं ना काम? तर नाही, ते आणखी भडकले. शेजारच्या सीनियर बाईंनी हेडसेट मागून घेतला आणि एवढंच विचारलं, "म्हणजे हे तुम्हाला आधीही सांगावं लागलंय, आणि दर वेळी पहिल्यापासून?" पलीकडे क्षणभर शांतता. मग "हो ना! तिसरी वेळ आहे," पण आवाज निम्म्यावर आलेला. बिल तेच, तीन दिवसही तेच. मी 'बिल' ऐकलं होतं, त्यांचा सगळा संताप 'पुन्हा' या शब्दात होता.

तो शब्द माझ्याकडून निसटला त्याला कारण आहे, आणि ते फक्त माझ्या स्वभावात नाही. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात. २००९ साली दहा भाषांची तुलना करून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच दिसलं. आता गंमत बघा: समोर दाखवलेल्या चित्राचं नाव सांगायचं, म्हणजे एकच शब्द उच्चारायचा, तरी मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत शिजायला लागलेलं असतं. एरवी त्यानेच गप्पा रंगतात. वादात मात्र त्याच्या वाक्याचा शेवट आपल्या बचावाच्या आवाजात बुडून जातो.

यावर कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये एक साधा नियम सुचवला होता. वाद सुरू झाला की समोरच्याचा मुद्दा आणि त्यामागची भावना आधी आपण सांगायची, "हो, हेच म्हणायचंय मला" असं त्याच्याकडून आलं की मगच स्वतःचा मुद्दा मांडायचा. मला यातली खरी खुबी वेगळीच वाटते. तुमचं पुढचं वाक्य त्याच्याच म्हणण्याबद्दल असणार असेल, तर ते तयार करण्यासाठी का होईना, ऐकावंच लागतं.

हे मी घरी करून बघितलं तेव्हा पहिल्यांदा फजिती झाली. "म्हणजे तुला असं वाटतंय की..." एवढं म्हणेपर्यंत बायको म्हणाली, "पोपटपंची नको." तिचं बरोबर होतं. मी शब्द परत करत होतो, अर्थ नाही. हल्ली अंदाज करतो आणि तो अंदाज म्हणूनच सांगतो: "तुला कामाचा राग नाहीये, मी न विचारता ठरवलं याचा आहे, असं मला वाटतंय." कितीदा तरी चुकतो. पण चुकलेला अंदाज माणसं आनंदाने दुरुस्त करतात, आणि त्या दुरुस्तीत मूळ गोष्ट बाहेर येते.

आता संदर्भाचं. आपलेच दोन शब्द घ्या, 'राहू दे'. वडिलांचं ऑपरेशन झालं होतं, ताई दवाखान्यात थांबली होती. मी मेसेज केला, "आज रात्री मी येऊ का थांबायला?" उत्तर आलं, "राहू दे." याचा अर्थ 'तू दमला असशील' असाही होतो आणि 'तुझ्याच्याने व्हायचं नाही' असाही. मी दुसरा घेतला. दोन दिवस दवाखान्यात जाऊन आलो, पण तिच्याशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी सगळं तोंडातून बाहेर पडलं. ती चक्रावून बघत राहिली. म्हणाली, "अरे, डॉक्टर समोर उभे होते. रात्री कुणी थांबायची गरज नाही म्हणाले. तेवढंच टाइप झालं." आदल्या आठवड्यात मी दोनदा जायचं टाळलं होतं. ती टोचणी माझी होती, मी तिच्या तोंडी घातली.

एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला एक प्रयोग इथे हमखास आठवतो. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा, ऐकणाऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चालीसकट अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. ताईच्या डोक्यात डॉक्टर होते, माझ्या पडद्यावर दोन शब्द.

म्हणून वादाचं काहीही मेसेजवर असेल तर मी फोन करतो. आणि समोरचा दमलेला असेल तर "जेवणं झाल्यावर बोलू" म्हणतो. मात्र मग खरोखर बोलावं लागतं, नाहीतर ती नुसती पळवाट ठरते.

एक सांगायला हवं. यातून सगळी भांडणं मिटत नाहीत. पैसे तेवढेच आणि दोघांना ते वेगवेगळ्या गोष्टींसाठी हवेत, तर कितीही ऐकलं तरी कुणाला तरी माघार घ्यावी लागणार. ऐकून घेणं म्हणजे कबूल करणंही नाही. "तुझं म्हणणं कळलं, मला पटत नाही" हे वाक्य अगदी चालतं, फक्त त्याचा पहिला अर्धा खरा असायला हवा. आणि जिथे धाक किंवा मारहाण आहे तिथे यातलं काहीच लावू नका, तिथे आधी मदत शोधायची.

तुमच्या बाबतीत मी एवढंच करून बघेन: पुढच्या वेळी "तू ऐकत नाहीस" आलं की वाक्य म्हणून दाखवायचं नाही. "माझ्याकडून काय ऐकायचं राहिलं?" असं विचारायचं आणि पहिल्या उत्तरानंतरही गप्प बसायचं, कारण मनातली गोष्ट बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्यात येते.

ताईचं म्हणाल, तर परवाच तिचा मेसेज आला: "राहू दे. काम झालंय. रागावलेली नाहीये."